लग्नाची जुनी सीडी-डीव्हीडी चालंना? धूळ-चरे असलेल्या डिस्कमधून डाटा कसा काढायचा, सगळं सविस्तर

सगळ्यात आधी हे वाचा, बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालतंय. जुनी सीडी सापडली, टीव्हीखालच्या प्लेअरला लावली, हळदीपर्यंत चालली आणि मग अडकायली, काढून शर्टाच्या टोकाला पुसली, परत लावली, परत अडकली, परत पुसली... हे इथंच थांबवा. शर्टावर, पदरावर, गमछावर बारीक माती असतेच, ती डिस्कवर घासली की नवे चरे पडतेत, आणि प्लेअर त्याच त्या खराब जागेवर डोकं आपटत राहतो, त्यातून हाती काहीच लागत नाही.

क्रम लै महत्त्वाचा आहे. आधी धूळ काढायची, मग डिस्कवरचं जेवढं सहज निघतंय तेवढं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, मग अवघड जागांच्या मागं लागायचं, आणि टूथपेस्ट, पॉलिश वगैरे जे व्हिडिओत दाखवतेत ते सगळ्यात शेवटी, तेही दुसरं काहीच उरलं नाही तर. लोक नेमकं उलटं करतेत, पहिल्या दिवशीच टूथपेस्ट घेऊन बसतेत आणि जे ऐंशी टक्के तसंच निघालं असतं ते पण घालवून बसतेत.

मी हे इतकं तळमळीनं लिहायलोय कारण आपल्या मराठवाड्यात २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांचं जे काही रेकॉर्डिंग झालं ते बहुतेक याच चकत्यांवर आहे, आणि लै घरांत त्याची दुसरी प्रतच नाही. लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंग, गावातल्या सप्ताहाची कीर्तनं एमपीथ्री सीडीवर, कुणाच्या घरी मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आजोबांची नातवानं घेतलेली मुलाखत. ती माणसं आता नाहीत, त्यांचा आवाज तेवढा त्या सीडीत आहे. आणि सीडी कुठं आहे तर पत्र्याच्या खोलीत लोखंडी पेटीत, उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ डिग्री म्हणजे त्या पेटीत किती होत असंल बघा. माळवदाचं घर असंल तर वरून पांढरी माती गळतीये ती वेगळीच.

डिस्कमध्ये डाटा नेमका कुठं असतोय

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतंय म्हणून दोन मिनिटं द्या. सीडी, डीव्हीडी दोन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या असतेत, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या. सीडीत डाटाचा थर वरच्या, म्हणजे जिथं नाव लिहितेत त्या बाजूला असतो, त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ हात. म्हणून खालच्या चकाकत्या बाजूला चरा पडला तर डाटा बहुतेक शाबूत असतो, लेझरला नीट दिसत नाही एवढंच, पण वरच्या बाजूला बॉलपेननं दाबून लिहिलं किंवा तिकडून खरचटलं तर डाटाच उडतो. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतेत आणि डाटा मधे दाबलेला असतो, त्यामुळं वरून ती जास्त सुरक्षित. ब्लू-रेमध्ये डाटा खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, म्हणून ब्लू-रेला पॉलिश कधीच करायचं नाही.

डाटा आतून बाहेर असा एकाच गोल-गोल रेषेत लिहिलेला असतो, सीडीत ही रेषा पाच किलोमीटरपेक्षा लांब भरते. सोबत चूक दुरुस्त करायचं गणित पण लिहिलेलं असतं, त्याच्या जोरावर सीडी साधारण अडीच मिलिमीटरचा आणि डीव्हीडी साधारण सहा मिलिमीटरचा सलग तुटवडा भरून काढू शकते. आता लक्षात घ्या, मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ गेलेला चरा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच डाटा झाकतो, तो गणितात भरून निघतो. पण फेऱ्याच्या दिशेनं गोल गेलेला चरा एकाच जागचा लांबलचक डाटा झाकतो, तिथं गणित हरतं. म्हणूनच डिस्क पुसताना कधीही गोल पुसायची नाही, कायम मधून बाहेर, सरळ.

डिस्कला हात लावायच्या आधी चार फोन करा

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगायलोय. लग्नाची सीडी बहुतेक वेळा दोन सेटमध्ये बनायची, एक मुलाकडच्यांना, एक मुलीकडच्यांना. तुमच्याकडची खराब झाली असंल तर माहेरी किंवा सासरी, जे असंल ते, विचारा. मामाकडं, आत्याकडं, करवली असलेल्या बहिणीकडं पण असू शकते. मग ज्यानं शूटिंग केलं त्या स्टुडिओवाल्याला विचारा, काही जणांनी मूळ कॅसेटी किंवा हार्ड डिस्क ठेवलेल्या असतेत.

दुसरी प्रत मिळाली आणि ती पण खराब निघाली तरी टाकून देऊ नका. दोन खराब प्रतींमधून एक चांगली बनते, ते पुढं सांगतो.

डिस्क नीट बघून घ्या

कडेनं आणि मधल्या भोकात बोट घालून धरा, चकाकत्या बाजूला बोट लावू नका. खिडकीजवळ जाऊन तिरकी करून बघा आणि मग उजेडाकडं धरून आरपार बघा.

तडा आहे का, विशेषतः मधल्या भोकापासून निघालेला? कव्हरमधून ओढून काढताना असे तडे पडतेत. तडा असंल तर डेस्कटॉपच्या फास्ट ड्राइव्हमध्ये लावूच नका, ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजाराच्या आसपास फेरे घेते आणि तडकलेली डिस्क आतच फुटू शकते, डिस्क पण गेली ड्राइव्ह पण गेला. तडा डाटाच्या भागात शिरला असंल तर घरचे प्रयोग सोडा, पुण्या-मुंबईच्या डाटा रिकव्हरीवाल्यांशी बोला, आणि तेही तडकलेली डिस्क घेतेत का ते आधी विचारून घ्या.

सीडीतून आरपार बघताना सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके किंवा नकाशासारखे उडालेले भाग दिसतेत का? तिथला डाटा गेला, तो कुठल्याच पॉलिशनं येत नाही. पण बाकीचा येतो, निराश होऊ नका.

वरती नवरा-नवरीच्या फोटोचा, ‘चि. आणि चि. सौ. कां.’ वाला कागदी स्टिकर चिकटवलेला आहे का? तो उन्हानं सुटला असंल, एक कोपरा उचलला असंल तरी ओढून काढू नका. सीडीवरचा स्टिकर ओढला की सोबत चंदेरी थर येतो आणि त्याच थरात तुमचं लग्न आहे. सुटलेला कोपरा बोटानं अलगद दाबून बसवा, बस.

चरा किती खोल आहे ते नखाच्या टोकानं हलकंच बघा, नख अडकलं तर खोल, नाही अडकलं तर वरवरचा, तो बहुतेक वेळा धुऊनच किंवा ड्राइव्ह बदलून वाचला जातो. अजून एक, घरी राइट केलेल्या डिस्कवर डाटा जिथपर्यंत लिहिलाय तिथपर्यंतचा रंग थोडा वेगळा दिसतो. चरा त्या पट्ट्याच्या बाहेर, कडेकडं असंल तर त्याची चिंताच करू नका, तिथं काहीच नाही.

धुणं

पहिलं काम फुंकर मारायचं नाही, थुंकी उडते. मोबाइलवाल्याकडं हवेचा रबरी फुगा असतो तो मारा, नसंल तर डिस्क उभी धरून कडेला हलकेच टिचकी मारा. सुटी धूळ गेल्याशिवाय कापड लावायचंच नाही, काळ्या रानातली असो नाहीतर माळवदाची, तिच्यात खडा असतोच.

मग पाणी. आपल्याकडं बोअरचं पाणी लै जड आहे, वाळलं की पांढरे डाग राहतेत, ते वापरू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला जे डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या, बॅटरीच्या दुकानात सहज मिळतंय, फक्त मागताना ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून स्पष्ट मागा, अ‍ॅसिडचा कॅन घेऊन येऊ नका. ते नाही मिळालं तर आरओच्या जारचं चालतंय. डिस्क त्या पाण्याखाली धरून आधी नुसती धुवून घ्या. बोटांचे तेलकट ठसे, उदबत्तीची काजळी, खाऊचे डाग असतील तर भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब पाण्यात मिसळून बोटाच्या पोटानं, कापडानं नाही, मधून बाहेर हात फिरवा आणि परत स्वच्छ पाण्यानं धुवा. कागदी स्टिकर किंवा वरून पेननं लिहिलेलं असंल तर डिस्क बुडवू नका, नुसती खालची बाजू ओली करा.

पुसायला चष्म्याच्या दुकानातून मिळतं ते मऊ कापड, तेही धुतलेलं. टॉवेल, टिशू पेपर, कापूस नको, त्यांचे तंतू राहतेत. पुसायचं पण सरळ, मधून बाहेर, दाब न देता. मग सावलीत उभी करून वाळवा, उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही.

एवढ्यानं चिकट डाग नाही गेला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाल्याकडं ‘आयपीए’ म्हणून मागा, बोर्ड साफ करायला त्याच्याकडं असतंच. फक्त खालच्या बाजूला लावायचं. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, थर राहतो. आणि थिनर, पेट्रोल, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या वाटेला जाऊ नका, रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोननं हे प्लास्टिक दुधी होतं आणि मग कायमचं गेलं.

ड्राइव्ह बदलून बघा

डिस्क न चालण्याचं कारण लै वेळा डिस्क नसतीच, ड्राइव्ह असतो. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर त्यात असतेत. त्यामुळं ‘डीव्हीडी चालतीये म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे’ असं होत नाही, सीडीचा लेझर थकलेला असू शकतो. चांगली माहीत असलेली एक सीडी लावून खात्री करा.

प्रत्येक ड्राइव्हचं वाचणं वेगळं, जे एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. म्हणून दोन-तीन ड्राइव्ह गोळा करा, शेजाऱ्याचा जुना डेस्कटॉप, गल्लीतलं कॉम्प्युटरचं दुकान, जुन्या लॅपटॉपमधला, बाहेरून यूएसबीनं लावायचा. जुने डेस्कटॉपचे जाड ड्राइव्ह माझ्या मते लॅपटॉपच्या बारीक ड्राइव्हपेक्षा खराब डिस्क जास्त धीरानं वाचतेत. यूएसबीच्या ड्राइव्हला दोन पिनांची केबल असंल तर दोन्ही पिना लावा, करंट कमी पडला की तो मधेच बंद पडतो आणि आपण डिस्कला दोष देतो. लाइटीचा भरवसा नसंल तर लॅपटॉपवर काम करा, एका डिस्कला अख्खी रात्र जाऊ शकते.

डिस्क लावल्यावर विंडोजनं विचारलं की ही डिस्क कशी वापरायची, पेन ड्राइव्हसारखी की प्लेअरसाठी, किंवा फॉरमॅट करू का, तर कॅन्सल. काही झालं तरी कॅन्सल. डिस्कची सुरुवात वाचता नाही आली की विंडोजला ती कोरी वाटू शकते.

उतरवून घेणं, सोपी वाट

आधी साधं कॉपी-पेस्ट करून बघा. झालं तर झालं. पण विंडोजचं कॉपी एका खराब जागेवर अडकलं की एरर देतं आणि अर्धी झालेली फाइल पण टाकून देतं, म्हणून दुसऱ्यांदा तेच करत बसू नका. त्याऐवजी अनस्टॉपेबल कॉपियर नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो खराब जागा सोडून पुढं जातो आणि फाइल शेवटपर्यंत आणतो, मधे जिथं वाचता नाही आलं तिथं रिकामं भरतो. फोटोंची सीडी असंल तर बहुतेक फोटो असेच निघतेत, एमपीथ्री कीर्तन असंल तर मधे एखादा शब्द गळतो, बाकी अभंग पूर्ण.

उतरवून घेणं, पक्की वाट

डिस्क जास्त खराब असंल, किंवा डाटा मोलाचा असंल, तर फाइली वेगवेगळ्या न काढता अख्ख्या डिस्कची इमेज काढायची, म्हणजे डिस्कवरचा कण न् कण एका मोठ्या फाइलमध्ये. त्यासाठी माझ्या माहितीत सगळ्यात भरवशाचं म्हणजे डीडीरेस्क्यू. फुकट आहे, लिनक्सवर चालतं. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायची गरज नाही, सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्स पेन ड्राइव्हवर घ्या, त्यात डीडीरेस्क्यू आधीच असतं, आणि कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून चालू करा. उबुंटू वापरत असाल तर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, पण कमांड देताना नुसतं डीडीरेस्क्यू. इमेज मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवर सेव्ह करा, पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकली तर कॉम्प्युटर बंद केला की गायब.

याची पद्धत कापसाच्या वेचणीसारखी आहे. पहिल्या वेचणीत जी बोंडं पूर्ण फुटलीत ती पटापट घ्यायची, न फुटलेल्याशी झटत बसायचं नाही, ती पुढच्या वेचणीला. कुठं काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं. म्हणून मधेच लाइट गेली, ड्राइव्ह गरम झाला, तुम्हाला झोप आली, तरी काही बिघडत नाही, तीच कमांड परत दिली की जिथं थांबलं तिथून पुढं.

कमांड अशी रचायची: आधी डीडीरेस्क्यू, मग हायफन एन, म्हणजे अवघड जागा आत्ता खरवडू नको, मग हायफन बी आणि २०४८, म्हणजे डिस्कच्या एका सेक्टरचा, डाटाच्या सगळ्यात लहान कप्प्याचा, आकार, मग ड्राइव्हचं नाव, जे बहुतेक स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर शून्य असतं, मग इमेज फाइलचं नाव, मग मॅप फाइलचं नाव. प्रत्येक तुकड्यामधे स्पेस. पहिली फेरी झाली की दुसरी, त्यात हायफन एन काढून टाका आणि त्याजागी हायफन डी व हायफन आर ३ द्या, म्हणजे राहिलेल्या जागा थेट आणि तीन-तीनदा वाच. मग त्यातच हायफन मोठा आर जोडून उलट्या दिशेनं एक फेरी. पुढून न वाचलेली जागा मागून आल्यावर वाचली जाते, विश्वास बसत नाही पण जातेच.

ड्राइव्हचा स्पीड कमी केला तर अजून फरक पडतो, लिनक्समध्ये इजेक्ट कमांडला हायफन एक्स आणि ४ दिलं की ४ एक्सवर येतो, सगळे ड्राइव्ह ऐकत नाहीत पण करून बघा.

आता गोळा केलेले ड्राइव्ह इथं कामाला येतेत. डिस्क काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा, तीच इमेज फाइल आणि तीच मॅप फाइल देऊन चालवा. तो फक्त राहिलेल्या जागाच वाचायला जाईल. मग तिसऱ्यात. प्रत्येक ड्राइव्ह थोडं थोडं भर घालतो. डीव्हीडीत १६ सेक्टरचा एक गट सोबतच दुरुस्त होतो, म्हणून एक गट सुटला की एकदम ३२ केबी सुटतात, आणि उलट एखादा गट वाचला की तेवढे एकदम मिळतेत, त्यामुळं थोडा धीर धरा.

आणि माहेरची प्रत. दोन्ही प्रती स्टुडिओवाल्यानं एकाच मास्टरवरून राइट केल्या असतील तर त्यांच्यातला डाटा सेक्टर टू सेक्टर सारखाच असतो. तुमच्या प्रतीला मंगलाष्टकाच्या जागी चरा आणि माहेरच्या प्रतीला पाठवणीच्या जागी, असं असंल तर दुसरी डिस्क लावून तीच मॅप फाइल चालवली की राहिलेल्या जागा तिच्यातून भरून येतेत. पण करायच्या आधी दोन गोष्टी. एक, इमेज आणि मॅप दोन्हींची कॉपी बाजूला काढून ठेवा. दोन, दोन्ही डिस्कचा एकूण आकार अगदी शेवटच्या बाइटपर्यंत सारखा आहे का आणि फाइलींची नावं-तारखा सारख्या आहेत का ते बघा. थोडा जरी फरक असंल तर मिसळू नका, दोघींची वेगळी इमेज काढा आणि नंतर व्हिडिओ एडिटिंगमध्ये चांगले तुकडे जोडा.

व्हीसीडीचं वेगळं आहे, इथं लै जण फसतेत

डिस्कमध्ये एमपेगएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात डॅट फाइली दिसल्या तर ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी. तीन तासांचं लग्न तीन सीडींत यायचं ते यामुळंच, एका सीडीत साधारण ८० मिनिटं मावतेत. व्हीसीडीत व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या पद्धतीनं लिहितेत, साध्या डाटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट डाटा आणि बाकी दुरुस्तीसाठी, इथं दुरुस्तीची ती जादा जागा पण व्हिडिओलाच दिलेली, सेक्टरमागं २३२४ बाइट. म्हणजे जास्त मावतं पण दुरुस्ती कमी. आणि वर सांगितलेली डीडीरेस्क्यूची २०४८ वाली पद्धत इथं चालत नाही, चांगल्या व्हीसीडीवर पण एररच देईल, घाबरून डिस्क खराब समजू नका.

व्हीसीडीसाठी विंडोजवर आयसोबस्टर घ्या, त्याच्या काही सोयी फुकट आहेत आणि काहींना पैसे लागतेत. डॅट फाइलवर राइट क्लिक करून एक्स्ट्रॅक्टमध्ये फक्त एमपेग फ्रेम गाळून काढायचा पर्याय आहे तो निवडा, सरळ एमपेग फाइल मिळते. एरर आली की तो विचारतो काय करू, तेव्हा रिकामं भरून पुढं जा म्हणा. नाहीतर विंडोजमध्येच अनस्टॉपेबल कॉपियरनं डॅट फाइल काढा, व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर ती सरळ चालवतो. व्हीसीडीतला एमपेग-१ व्हिडिओ तसा सोशिक असतो, मधे तुकडा गेला तर क्षणभर चौकोन-चौकोन दिसतेत आणि पुढं चालू लागतो.

गाण्यांची ऑडिओ सीडी असंल तर तिला पण डीडीरेस्क्यू नाही, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि त्यात सिक्युअर मोड, लिनक्सवर सीडीपॅरानोया.

हँडीकॅमची ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी असंल तर ती कधी कधी फायनलाइज केलेली, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर दुसरीकडं चालावी म्हणून बंद केलेली, नसते, कॉम्प्युटर कोरी दाखवतो. आयसोबस्टर अशा डिस्कमधलं पण शोधून काढतो. कॅमेऱ्यात परत घालून फायनलाइज करता येतं, पण ते डिस्कवर नव्यानं लिहिणं आहे, म्हणून आधी इमेज काढायचा प्रयत्न करा. कॅमेऱ्यानं इनिशियलाइज किंवा फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. आणि ही छोटी डिस्क खाचेतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकते.

आता पॉलिश

सगळे ड्राइव्ह झाले, उलट-सुलट फेऱ्या झाल्या, तरी मोक्याची जागा राहिली, मगच. पहिला प्रयोग व्हॅसलीनचा. चऱ्यावर अगदी थोडं लावून चष्म्याच्या कापडानं सरळ पुसून घ्या, नुसतं चऱ्याच्या खोबणीत राहिलं पाहिजे, बाकी पृष्ठभागावर काही दिसायला नको. त्यानं लेझरचं भरकटणं कमी होतं. कमी स्पीडवर, मॅप फाइल देऊन, फक्त राहिलेल्या जागा वाचून घ्या आणि लगेच डिस्क धुवा. हा प्रयोग परत मागं घेता येतो, म्हणून मी तो आधी ठेवलाय.

त्यानंही नाही झालं तर पांढरी साधी टूथपेस्ट, जेलवाली नाही, खरखरीत दाण्याची नाही. ओल्या मऊ कापडावर थोडी घेऊन चऱ्याच्या भागावर मधून बाहेर, हलक्या हातानं. पृष्ठभाग थोडा धुरकट होईल, धुवून वाळवून परत मॅप फाइलनं वाचा. खरं तर याहून चांगलं म्हणजे डिस्क घासून सपाट करणारं मशीन, पण ते आता क्वचितच कुठं सापडतं. सीडीला घासायला जाडी भरपूर आहे, डीव्हीडीला निम्मीच. वरच्या नावाच्या बाजूला यातलं काहीही लावायचं नाही.

डिस्क स्वच्छ आहे, चरा नाही, तरी वाचली जात नाही, तर बहुतेक ऊन आणि उष्णतेनं तिच्यातला रंगाचा थर फिका पडलाय, राइट केलेल्या डिस्कमध्ये डाटा त्या रंगातच असतो. तिथं पॉलिशचा काही उपयोग नाही, वेगवेगळे ड्राइव्ह आणि कमी स्पीड एवढंच.

एक शेवटचा उपाय राहतो. कॉम्प्युटर हरला पण टीव्हीचा जुना डीव्हीडी प्लेअर अडकत-अडकत का होईना चालवतोय, असं होतं, कारण प्लेअर चुका सोडून पुढं पळतो. तेव्हा प्लेअरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलला यूएसबी कॅप्चर कार्ड लावून चालू असतानाच रेकॉर्ड करून घ्या. क्वालिटी थोडी उतरते, पण आजीचा चेहरा दिसतो.

इमेज मिळाल्यावर

इमेज फाइलच्या नावाच्या शेवटी .iso असंल तर ती आयएसओ फाइल, विंडोज १० किंवा ११ मध्ये तिच्यावर डबल क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते, व्हीएलसीत पण डीव्हीडीची इमेज सरळ चालते. फोल्डरच दिसत नसतील, म्हणजे डिस्कची अनुक्रमणिकाच उडाली असंल, तर फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम इमेजमधून फोटो, व्हिडिओ हुडकून काढतो, नावं जातेत पण फोटो येतेत. व्हिडिओ मोबाइलवर बघायला हँडब्रेकनं एमपीफोर करा, डीव्हीडी असंल तर डीइंटरलेस चालू ठेवा नाहीतर हलताना कडा फाटल्यासारख्या दिसतेत. मूळ इमेज मात्र डिलीट करू नका, एमपीफोर करताना थोडा दर्जा जातोच.

एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावाकडं किंवा बहिणीकडं पेन ड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ ही प्रत धरू नका, तो दाबून लहान केलेला असतो. मूळ डिस्क पण टाकू नका, पुढं चांगला ड्राइव्ह मिळाला तर मॅप फाइल घेऊन उरलेल्या जागांवर परत बसता येतं, म्हणून मॅप फाइल पण इमेजच्या शेजारीच ठेवा. डिस्क कडक कव्हरमध्ये, उभी, पत्र्याखाली नाही तर घरातल्या सगळ्यात थंड खोलीतल्या कपाटात, आणि नाव लिहायचंच असंल तर मार्करनं, मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक गोलावर.